भिडस्त शब्दाचं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या खोलीत सहा टेबलं आणि एक ताई. वयाने ती काही फार मोठी नव्हती. पण ताई म्हटलं की भावाचे हक्क मिळतात आणि कर्तव्यं टळतात, म्हणून सगळेच तिला ताई म्हणायचे. कुणाची दाढ दुखली, कुणाकडे पाहुणे आले, की त्याच्या वाट्याची शब्दांची कार्डं ताईच्या टेबलावर. मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

सोमवारपासून ताईला आठ दिवस रजा हवी होती. लेकीचं पहिलं बाळंतपण होतं आणि तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. शुक्रवारी मुख्य संपादक म्हणाले, "छापखान्याने तारीख अलीकडे आणलीय. कुणाला तरी थांबावं लागेल."

पाच माना एकीकडे वळल्या.

"ताई, तुम्ही आहात म्हणून निभावतं," मी म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते.

"बघते," ताई म्हणाली.

दर शुक्रवारी ज्याने त्याने आपलं कार्ड वाचायचं आणि बाकीच्यांनी पटलं की सही करायची, हा आमचा शिरस्ता. उदाहरण मनाचं चालत नाही, ऐकलेलं किंवा पाहिलेलं लागतं. ताईने तिच्या टेबलावर पडलेल्या माझ्याच गठ्ठ्यातलं एक कार्ड उचललं.

"भिडस्त. विशेषण. संकोचाने नाही म्हणू न शकणारा. ज्याचा इतर लोक फायदा घेतात असा."

"फायद्याचं काढा," संपादक म्हणाले. "भिडस्तपणा हा गुण आहे."

"कुणाच्या सोयीचा?"

ताईचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. संपादकांनी चष्मा पुसला. "बरं, उदाहरण वाचा."

"भिडस्त बाईच्या रजेवर बाकीचे सगळे जाऊन आले."

"हे कुठे ऐकलंत?"

"ऐकलं नाही. सात वर्षं पाहतेय."

कार्ड फिरलं. एकेकाने सही केली, संपादकांनी सगळ्यांत शेवटी. मग ताईने टेबलावरचा गठ्ठा उचलून माझ्यापुढे ठेवला.

"ही तुझी कार्डं. मी सोमवारी नाही."

तिने पर्स घेतली आणि गेली. मी गठ्ठ्याची दोरी सोडली. सगळ्यांत वर 'भाऊ' हा शब्द होता. अर्थ ताईने नीट लिहून ठेवला होता, उदाहरणाची ओळ तेवढी कोरी होती. ऐकलेलं किंवा पाहिलेलं हवं. मी बराच वेळ नुसता पेन धरून बसलो.