बुजवलेली विहीर

माळावरच्या कॉन्व्हेंटची जुनी इमारत सोमवारपासून पाडणार, ही बातमी भिमाबाईला खामगावच्या बाजारात कळली. हातातली मेथीची जुडी तिथेच ठेवून ती तडक निघाली. साल चौसष्टचं. बाई साठीच्या पुढची, पण एकदा मनात घेतलं की ऐकणारी नव्हे. तिचा मुलगा म्हणायचा, "माह्या मायच्या वाटेत बैलगाडी आली, तर गाडीनंच बाजूले व्हावं."

कॉन्व्हेंटच्या फाटकात मोठ्या सिस्टर भेटल्या. सिस्टर क्लारा मूळच्या वसईच्या, पण वऱ्हाडात तीस वर्षं काढलेल्या.

"इमारत काऊन पाडून राह्यले, सिस्टरबाई?"

"उत्तर बाजूचा कोपरा खचतोय, बाई. वर बोर्डिंगच्या मुली झोपतात. कोसळली तर?"

"मले एकदा पाहू द्या. या इमारतीचा चुना दळाची घाणी माह्या बापानं हाकली. मी नऊ वर्साची होती, बैलामांगं दिवसभर फिरे."

सिस्टरांनी तिला आत नेलं. लांबलचक व्हरांडा, एकामागून एक दगडी कमानी, टोकाला प्रार्थनेची खोली. भिमाबाईनं कमानीच्या सांध्यावर घरची किल्ली घासून पाहिली. चुन्याचा कणही निघाला नाही. मग ती उत्तरेच्या कोपऱ्याशी आली. तिथं जोत्यापासून छपरापर्यंत भेग गेली होती; तिच्यात बोट जाईल एवढी. ठेकेदार उत्तमराव तिथेच उभे होते.

"चुना जुना झाला, त्याची ताकद सरली," ते म्हणाले.

"चुना लोखंडावानी हाय. खालची जमीन दगा देऊन राह्यली. अठी इहीर होती."

उत्तमराव हसले. "आजी, मी चार वर्सं झाले अठी काम करतो. कुठी हाय इहीर?"

"बुजवली. पानी खराब झालं म्हून सिस्टर लोकायनं बुजवली, अन् तिकडं नवी खंदली."

"पन्नास वर्सांमांगची जागा तुले आठवते?"

भिमाबाईनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "ही जमीन सिस्टर लोकायनं घ्यायच्या आंधी इहीर पाटलाची होती. आमाले वर चढू देत नव्हते. माय घागर घेऊन दूर उभी राहे, कोनी वाढलं तर पानी. ज्या काठावर पाय ठेवू दिला नाही, तो काठ मानूस इसरते काय?"

सिस्टर क्लारांनी विचारलं, "जागा दाखवाल?"

बागेत दगडाचं एक गोल कडं होतं. आता त्यात गुलाब लावले होते. पण मुळात ती चुन्याच्या घाणीची चाकोरी होती. तिथून भिमाबाई पावलं मोजत निघाली आणि कोपऱ्यापासून पाच हातांवर थांबली. "अठी खंदा."

दोन गडी लागले. दुपार टळली तरी मातीशिवाय काही लागेना. गडी कंटाळले, उत्तमराव घड्याळ पाहू लागले.

"बस करू का, सिस्टर?"

सिस्टर उत्तर देण्याआधीच भिमाबाईनं पदर खोचला आणि लोखंडी सब्बल उचलली. "तुमी बसा. मी खंदतो." ती खड्ड्यात उतरली. बांगड्या वर सारून घाव घालू लागली. एकही घाव चुकत नव्हता. लाजून एक गडीही उतरला. हातभर माती निघाली आणि सब्बल खणकन वाजली. घडीव दगड, किंचित बाकदार. माती सारली तसा गोल काठ दिसू लागला. काठाच्या आत नुसता चिखल. त्यात सब्बल अर्धीअधिक आत गेली.

छपराचं पाणी वाहून नेणारा नळ नेमका त्या चिखलात सुटत होता. उत्तमरावांनी तो पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. चार वर्षांपूर्वी तो त्यांनीच टाकला होता. पाणी भरावात मुरत गेलं आणि शेजारचा पाया खचला.

"चूक माही हाय, सिस्टर," ते म्हणाले. "पाडायचं थांबवा. मी दुरुस्त करून देतो."

नळ पार दुसरीकडं वळवला. मुलींना खालच्या वर्गात झोपवलं. कोपऱ्याला लाकडाचे टेकू दिले, चिखल उपसून विहिरीत दगड आणि चुना ठासला. दोन महिने काम चाललं. भिमाबाई रोज सकाळी यायची आणि चुना चिमटीत धरून बघायची. मनासारखा नसला की म्हणायची, "अजून फिरवा." उत्तमराव मुकाट्यानं फिरवायला लावत. भेग बुजवण्याआधी त्यांनी तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भिंत केसभर हलली तरी काच तडकणार होती.

पावसाळा गेला, दसरा गेला. काच होती तशीच होती. सिस्टरांनी भिमाबाईला बोलावणं धाडलं.

"मुली आज पुन्हा वर झोपायला जाणार. तुम्हाला काय देऊ, बाई?"

"काही नोको. मले वर नेऊन दाखवा. इमारत झाल्यावर आमी कामाचे लोक निंघून गेलो, वर कसं हाय ते पाह्यलंच नाही."

जिना उंच होता. सिस्टरांनी हात पुढं केला. भिमाबाईनं तो धरला नाही. कठड्याला हात लावत, दर चार पायऱ्यांवर दम घेत ती एकटी वर चढली, आणि खिडकीशी उभी राहून बराच वेळ खामगावकडं पाहत राहिली.