कूपात पुरलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. नागपुरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटाच्या खालच्या फळीवर बसलेली. तुम्हाला वाटेल, बरणीचं ते काय आयुष्य! घाला लोणचं, काढा लोणचं. मीही आठ वर्षं तसंच समजत होते. शहरातल्या महाल भागात दत्तोपंतांच्या घरी कैरीचं लोणचं सांभाळताना माझी ऐट काही कमी नव्हती. धुतलेल्या हाताशिवाय मला कोणी शिवत नसे. मग एका उन्हाळ्यात माझ्या काठाचा टवका उडाला आणि त्यांच्या मुलीने, चारुलताने, मला आईकडून मागून घेतलं.

चारुलता कॉलेजात शिकवायची आणि कोळ्यांवर संशोधन करायची. हो, कोळ्यांवर! ज्या पोटात कैरी मुरली त्यात आता कोळी पडणार, हे कळलं तेव्हा मला शिसारी आली. खोटं कशाला बोलू?

गोष्ट १९७४ सालची. पाऊस सरून आश्विन लागला, तशा आम्ही बारा बरण्या पोत्यात बसून एसटीने कोराडीच्या पुष्कळ पुढच्या जंगलात गेलो. सहा जणींना उभ्या जंगलात पुरलं, सहा जणींना कूपात. जंगलाचा जो पट्टा सरसकट तोडतात, त्याला तिकडे कूप म्हणतात. माझ्या वाट्याला कूप आलं. गळ्यापर्यंत माती, पोटात मिठाचं पाणी आणि थोडं औषध, डोक्यावर दगडांवर टेकवलेली फरशी. जमिनीवरून पळणारा कोळी फरशीखाली शिरे आणि घसरून आत पडे. काचेवर चढू पाही, घसरे, पुन्हा चढू पाही. मग थांबे. रोज ते ऐकताना मला कसंसंच होई.

जागा पुन्हा सापडावी म्हणून चारुलताने प्रत्येकीजवळच्या बुंध्याला खूण बांधली. हाताशी काय होतं? घरच्या नवरात्रातला उरलेला लाल नाडा. तोच बांधला. दुरून चांगला दिसायचा. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

चारुलता फक्त रविवारी यायची. मधले दिवस आमची देखभाल गोपिकाबाईकडे. ती जवळच्या टोलीतली, म्हणजे छोट्या वस्तीतली, पन्नाशीची, एकटी विधवा. अंगाने काटकुळी, जिभेने फटकळ, पण हात असा हलका की काय सांगू! फरशी अलगद उचलायची, कोळी चिमट्याने स्पिरिटच्या शिशीत घालायची आणि जाताना माझा काठ पदराने पुसायची. इतकं तर मला दत्तोपंतांच्या घरीही कोणी जपलं नव्हतं. "तुह्या पोटात तेच ते काळे कोळी वं," ती मला म्हणायची. "तिकडं जंगलात पाह्य, पिवळे काय, हिरवे काय, बरण्या भरून राहिल्या!"

पहिल्याच रविवारी चारुलताने तिला बजावलं होतं, "गोपिकाबाई, कोणाला सांगू नका हं. मागच्या वर्षी लोकांनी माझ्या बरण्या उपटून नेल्या."

गोपिकाबाईचा हात थांबला. "बाई, लपूनछपून केलेलं काम लोकाईच्या डोळ्यात येते. अन् हे कोळी तुमाले काहून पायजेत, ते तरी सांगा मले."

"ते फार लांबण आहे हो. पुढच्या वेळी सांगते," चारुलता घड्याळाकडे पाहत म्हणाली. तिला परतीची एसटी गाठायची होती. पुढच्या वेळीही एसटीच गाठायची होती, आणि त्याच्या पुढच्याही.

दिवाळी जवळ आली तेव्हा टोलीत तापाची साथ आली. म्हाताऱ्या देवाजीची सात वर्षांची नात देवकी तीन दिवस डोळे उघडत नव्हती. अमावास्येच्या आदल्या दुपारी कूपात लाकडं रचणाऱ्या एका माणसाला माझ्या फरशीची ठेच लागली. फरशी सरकली. सहा-सात डोकी माझ्यावर वाकली. आत मेलेले काळे कोळी तरंगत होते.

"हे काय होय गा?"

तेवढ्यात एकाला बुंध्यावरचा लाल नाडा दिसला.

"करणी होय! तिकडं पाहा, तिकडंबी नाडा बांधला आहे!"

करणी म्हणजे दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून केलेली जादू. पुरलेली बरणी, मेलेले कोळी, लाल नाडा, तोंडावर आलेली अमावास्या आणि टोलीत तापाने फणफणणारी पोर. त्यांनी मला मातीतून उपसून काढलं. अहो, मी लोणच्याची बरणी! मला ओरडून सांगायचं होतं, पण काचेला कुठली आली जीभ?

आणि नेमकी त्याच वेळी शिशी आणि चिमटा घेऊन गोपिकाबाई आली. पळ गं बाई, असं माझ्या मनात आलं. ती पळाली नाही. उलट धावत पुढे आली. "खाली ठेवा ते! फुटन ना!"

बरणी कोणाची, हे मग कोणाला विचारावं लागलं नाही.

देवाजीच्या अंगणात मला मधोमध ठेवलं. आतून देवकीचं कण्हणं ऐकू येत होतं. देवाजी वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याने हात जोडून विचारलं, "गोपिका, माह्या नातीवर काहून केलं वं?"

"मी काहीच नाही केलं, भाऊ. कालेजच्या बाईचं काम आहे. सांगू नको म्हणे, म्हणून नाही सांगतलं."

"मंग ते बाई कोळ्याईचं करते काय?"

सगळं अंगण तिच्या तोंडाकडे पाहत होतं. एक साधं वाक्य पुरलं असतं. गोपिकाबाईने माझ्याकडे पाहिलं.

"ते मले नाही ठाऊक," ती म्हणाली.

पुढचं मला फारसं सांगवत नाही. तिच्या झोपडीचं छप्पर ओढून पाडलं. दिवस मावळायच्या आत तिला टोलीबाहेर हाकललं. पोरांनी मागून दगड मारले. तिने पदर डोक्यावर घट्ट धरला आणि सडकेच्या दिशेने चालू लागली.

रविवारी चारुलता आली तेव्हा देवकी अंगणात चिंचोके खेळत होती. ताप हिवतापाचा होता आणि दवाखान्यातल्या गोळ्यांनी तो उतरलाही होता. चारुलताने वही उघडून देवाजीला दाखवली. जंगलात छत्तीस जातींचे कोळी, कूपात सात. "झाडं तोडली की आणखी काय काय नाहीसं होतं, ते मोजत होते मी. एवढंच."

देवाजी माझ्याकडे बघत राहिला. "येवढंच होतं? मंग तिनं काहून नाही सांगतलं?"

"मीच तिला सांगितलं नव्हतं," चारुलता म्हणाली, आणि तिथेच मातीत बसून रडली. मला तिचा फार राग आला. आजही येतो. तिची कीवही येते.

तिने गोपिकाबाईला शोधायचं बाकी ठेवलं नाही. कोराडीला वीजघराच्या कामावर, जरीपटक्याच्या बाजारात, कळमन्याला धान्य निवडणाऱ्या बायांमध्ये. अकरा वर्षं झाली, तिचा पत्ता नाही.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कोणाकडून तरी काम करवून घ्याल. ते कशासाठी आहे, हे त्या माणसाला आधी सांगा. एसटी चुकली तर चुकू द्या. आणि कधी एखादी काटकुळी, फटकळ, हलक्या हाताची म्हातारी भेटली आणि तिचं नाव गोपिका निघालं, तर तिला माझा निरोप द्या. म्हणावं, बाई, आपण कोळी मोजत होतो.