भिंतीसमोरची खुर्ची

सासूबाईंच्या घरात खिडकीजवळ एक वेताची खुर्ची होती, आणि अकरा वर्षं ती ओळंब्याची होती. तसं कुणी लिहून दिलं नव्हतं. पण रविवारी थोरले जावई दारात दिसले की सासूबाई खुर्चीवरची शिवणाची टोपली उचलायच्या आणि म्हणायच्या, "बसा." बास. त्या एका शब्दावर गडी आठवडाभर खुशीत राहायचा.

गवंडी सरळ रेघ बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्यावरून त्याला ओळंबा म्हणायचे, कारण त्याने उभा केलेला खांब कधी कलला नाही. रस्त्याच्या कडेला आवाज अडवायच्या भिंती उभारायच्या, हा त्याचा धंदा. लोखंडी खांब रोवायचे, दोन खांबांमधे क्रेनने वरून पॅनेल सोडायची, की झाला एक गाळा भरून. शाळेशी त्याचं फारसं जमलं नाही, पण एक डोळा मिटून खांबाकडे बघितलं की केसभर फरक त्याला कळायचा.

मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं आणि घरात मीटर आला.

मीटर म्हणजे साडू. धंदा तोच, पण ऑफिसातला. टोकाला काळा स्पंजचा गोळा लावलेलं आवाज मोजायचं यंत्र घेऊन रस्तोरस्ती उभा राहायचा, आणि कुठे किती उंच, किती लांब भिंत हवी ते कागदावर ठरवायचा. माणूस वाईट नव्हता. तेच तर दुखणं होतं. वाईट असता तर मोकळेपणाने शिव्या तरी घालता आल्या असत्या. मीटर हळू बोलायचा, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलायचा, आणि पहिल्याच रविवारी आला तो सरळ त्या खुर्चीत जाऊन बसला. सासूबाई टोपली हातात घेऊन तशाच उभ्या. ओळंबा पलंगाच्या कडेवर टेकला, आणि पुढची तीन वर्षं तिथेच टेकत राहिला.

"अहो, खुर्ची तर आहे," बायको घरी जाताना म्हणायची.

"मी काही म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं. तोंड आहे ना."

सासूबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीखालून मोठा रस्ता. रस्त्यापलीकडे नवी वसाहत उभी राहिली, तेव्हा नगरपालिकेने ठरवलं की आधी पलीकडच्या कडेला भिंत बांधायची, आणि ती नीट चालली तर सासूबाईंच्या बाजूलाही. भिंत आखली मीटरने, उभारायला ओळंब्याची टोळी. म्हणजे दोन्ही जावई एकाच कामावर. सासूबाईंना केवढा आनंद. जिन्यात शेजारणीला सांगत होत्या, "ती बघा, आमच्या धाकट्यांची भिंत."

धाकट्यांची. ओळंबा पिशवी घेऊन जिना चढत होता, त्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. उन्हात खड्डे खणतोय कोण, हाताला फोड कुणाच्या, आणि भिंत धाकट्यांची. त्या दिवशी चहा त्याला कडू लागला, आणि साखर तर नेहमीएवढीच होती.

आता या पॅनेलला दोन तोंडं असतात. एका तोंडाला बारीक बारीक भोकं, आत दाबून भरलेली लोकर. ते तोंड रस्त्याकडे ठेवायचं. आवाज भोकांतून आत शिरतो आणि लोकरीत विरून जातो. दुसरं तोंड सपाट पत्र्याचं. ते रस्त्याकडे आलं की आवाज चेंडूसारखा उलटतो आणि समोरच्यांच्या घरात जाऊन पडतो. रंग दोन्हीकडे एकच, करडा, त्यामुळे जवळून निरखलं नाही तर पटकन कळत नाही. पण ओळंबा असल्यावर निरखायची गरजच काय.

तर एका दुपारी क्रेन चालू होती. ओळंबा हाताच्या खुणा करत उभा, आणि समोर मीटरची गाडी येऊन थांबली. पुढच्या सीटवर सासूबाई. काम बघायला आणलं होतं त्यांना. मीटरने थर्मासमधून चहा ओतून त्यांच्या हातात दिला, आणि बोटाने दाखवायला लागला, इथून तिथपर्यंत, मग अशी वळणार, मग तशी. सासूबाई मान डोलावतायत. ओळंब्याला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं त्यांना काम दाखवायला आणायचं. हे एक, आणि दुसरं म्हणजे या माणसाला सुचलं. आत नुसता वणवा पेटला.

"मुकादम," दोर धरणारा गडी म्हणाला, "ट्रक आज उलट्या तोंडाने लागलाय. पॅनेलची बाजू बघायची का?"

"तू मला शिकवणार?" ओळंब्याचे डोळे गाडीवर. "सोड खाली."

गाडी गेली तोवर आठ गाळे भरले. संध्याकाळी तपासणीच्या कागदावर ओळंब्याने सही ठोकली. त्याची सही पडली की पुढे कुणी बघत नसे.

भिंत पुरी झाली. पलीकडची वसाहत गप्पगार. आणि सासूबाईंच्या घरात मात्र आवाज वाढला. फार नाही, पण वाढला. ट्रक गेला की खिडकीची काच कुरकुरायची. सासूबाई टीव्हीपुढे कानाला हात लावून बसायला लागल्या. सगळ्या इमारतीने सह्या करून तक्रार दिली, आणि ऑफिसने मीटरला बोलावलं. तुमची आखणी चुकली. महिन्याभरात खुलासा द्या, नाहीतर आखणीचं काम सोडून फायलींच्या खोलीत बसा. अलीकडच्या भिंतीचं काय करायचं ते मग बघू.

ओळंब्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वरून चेहरा गंभीर.

"वाईट झालं," तो बायकोला म्हणाला. "पण कागदावर रेघ मारणं वेगळं, आणि भिंत उभारणं वेगळं."

"शीळ कशाला घालताय मग?" बायको म्हणाली.

लाजेपायी मीटर रविवारचा येईनासा झाला. आणि मग एका रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला, सासूबाईंनी टोपली उचलली. "बसा."

ओळंबा बसला. वेत तसाच करकरला. पाय पसरले, पाठ टेकली, आणि तीन वर्षांनी त्याने त्या खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन तिरपं होऊन थेट भिंतीवर पडलं होतं. भोकांचं तोंड ऊन गिळतं, त्यामुळे भिंत काळपट, मऊ दिसत होती. आणि बरोबर मधे एक पट्टा लखलखत होता, घासून पालथ्या घातलेल्या ताटांसारखा.

त्याने लखलखते गाळे मोजले. पुन्हा मोजले. मग उठून पडदा ओढला.

"समोरून ऊन चमकतंय, आई."

"तुम्हाला कधीपासून उन्हाचा त्रास?"

"वय झालं."

"काय?" खालून ट्रक गेला होता.

"वय झालं म्हटलं," तो मोठ्याने म्हणाला.

सासूबाई चहा घेऊन समोर बसल्या. "धाकटीचा फोन आला होता. ऑफिसातले म्हणत होते, भिंतीचं काम एकदा तपासून घेऊ. तर धाकटे म्हणाले, त्याच्यावर ओळंब्याची सही आहे, तिथे काय तपासायचं. चूक माझ्याच गणितात असणार. आठवडा झाला, तेच आकडे पुन्हा पुन्हा मांडून बघतायत. जेवणावर लक्ष नाही."

ओळंब्याने बशी खाली ठेवली. उभ्या आयुष्यात त्याला कुणी एवढं मोठं प्रशस्तिपत्रक दिलं नव्हतं, आणि द्यावं कुणी तर त्याने. राग यायला हवा होता. आलाही. एवढं चांगलं वागायचं काय अडलं होतं मेल्याचं?

मनात आलं, चार वाजता या खिडकीतून बघतंय कोण? खुर्ची आपली. पडदा ओढला की झालं. दर रविवारी यायचं, पडदा ओढायचा, बसायचं. पण समोर सासूबाई कानाला हात लावून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, तो काही बोलला आणि आपल्याला ऐकू आलं नाही की काय म्हणून.

त्याने फोन लावला. "मीटर, आईंकडे ये. आत्ता. यंत्र नको आणूस."

मीटर अर्ध्या तासात आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. ओळंबा खुर्चीतून उठला. "बस."

"नको साडूभाऊ, ती तुमची आहे."

ओळंबा बघतच राहिला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी नव्हतं. नंतर कळलं. मग उठायचं कसं ते कळेना."

"तीन वर्षं?"

"तुम्ही इतक्या रागाने बघायचात, माझे पायच उचलायचे नाहीत."

"बस म्हणतो ना." ओळंब्याने पडदा सारला.

मीटर बसला. बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सात गाळे."

"आठ. एक दिव्याच्या खांबामागे आहे." निदान तेवढं तरी त्याच्या आधी दिसलं, याचं ओळंब्याला बरं वाटलं. "ट्रक उलटा लागला होता. गड्याने विचारलंही होतं. माझी चूक."

"पण तुम्ही कसे चुकलात?"

"तू आईंना चहा पाजत होतास."

सासूबाई दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "म्हणजे कपभर चहा प्यायले म्हणून माझ्या डोक्याशी हा कालवा?"

"थोडं तसंच, आई," ओळंबा म्हणाला.

सोमवारी त्याने ऑफिसात जाऊन स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहून दिलं की चूक माझी. मीटरचं खुलाशाचं प्रकरण मिटलं, अलीकडच्या भिंतीची आखणी त्याच्याकडेच राहिली. आणि ओळंब्याला हुकूम निघाला, की यापुढे तुमच्या सहीखाली साडूची सही लागेल. हुकूम वाचून दाखवणारा कारकून म्हणे गालात हसत होता. ओळंबा जिना उतरला तो थेट पानाच्या टपरीवर, आणि तिथे लागोपाठ तीन पानं चघळली.

आठ गाळे फिरवायच्या दिवशी मीटर पांढरं हेल्मेट घालून शेजारी उभा. ओळंब्याने प्रत्येक पॅनेलवर हात फिरवून भोकं चाचपली आणि मगच वर घ्यायला सांगितलं. शेवटचं पॅनेल हवेत होतं. समोर तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडी. खुर्चीत सासूबाई स्वतः बसल्या होत्या, मांडीवर टोपली. त्यांनी हात वर केला.

ओळंब्याने हात वर केला. शेजारून मीटरनेही केला.

क्रेन मधेच थांबली. पॅनेल हेलकावे खायला लागलं.

"हात खाली घे," ओळंबा म्हणाला. "इथे हात एकानेच हलवायचा असतो."

मीटरने मुकाट्याने हात खिशात घातला. ओळंब्याने मग खिडकीकडे बघून एकट्यानेच हात हलवला, चांगला सावकाश, दोनतीनदा. क्रेनवाल्याने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. वर घेऊ की खाली सोडू, त्याला काही कळेना.

"तुला नाही रे," ओळंबा म्हणाला.