पडद्याबाहेर आलेला हात

मी पडदा बोलतोय. खिडकीवरचा नव्हे, लोखंडी चौकटीचा, हिरव्या कापडाचा, तीन घड्यांचा उभा पडदा. आधी मी दवाखान्यात होतो. तिथं काम सोपं होतं: आत पेशंट, बाहेर जग. मग एक चाक निखळलं आणि त्यांनी मला कोर्टाला देऊन टाकलं.

इथं मात्र माझा गोंधळ उडतो. आत कुठलं नि बाहेर कुठलं, तेच उमगत नाही.

एकदा मला साक्षीदाराच्या कठड्याजवळ उभं केलं. एका बाजूला शिंपीणकाकू, दुसऱ्या बाजूला त्यांच्या दुकानात सुरा घेऊन शिरल्याचा आरोप असलेला माणूस. काकूंना तो दिसू नये, म्हणून मी.

काकूंनी सांगितलं, भर दुपारी त्या काजं करत बसल्या होत्या. तोंड बांधलेला एक जण आला, दरडावत गळ्यातली साखळी ओढू लागला. त्यांनी सुरा हातानंच धरला. आवाजावरून ओळखला, दोनदा पँट आखूड करायला आला होता.

"असे आवाज गल्लीत शंभर असतील," त्याचे वकील म्हणाले. मग चष्म्याचं विचारलं, वयाचं विचारलं. काकूंचा आवाज बारीक होत गेला.

तेवढ्यात पलीकडून हुंदका आला. मी चक्रावलो. घाबरलेल्याला आडोसा द्यायचा, एवढंच मला ठाऊक. आता थरथर दोन्हीकडे होती.

"बाई, तो रडतोय का?" काकूंनी न्यायाधीशबाईंना विचारलं. बाईंनी त्यांना फक्त साक्ष पुढे सांगायला सांगितलं.

काकूंनी उजवा हात कठड्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "मला त्याचं तोंड बघायचं नाही. पण माझा हात त्याला दिसू दे."

वकिलांनी हरकत घेतली, बाईंनी ती मानली नाही. माझ्या कडेवरून काकूंचा उजवा हात पलीकडे गेला. सुरा धरलेल्या त्या हाताची तीन बोटं मिटतच नव्हती.

हुंदका थांबला. "काकू..." तो म्हणाला, कपडे न्यायला आल्यासारखा.

काकूंनी हात झटकन मागे घेतला. "हाच तो आवाज," त्या म्हणाल्या आणि स्वतःच रडू लागल्या.

त्याला शिक्षा झाली, असं शिपायानं कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं. निकाल ऐकायला काकू आल्याच नव्हत्या.

आता मी जिन्याखाली घडी होऊन उभा आहे. पुन्हा मला न्याल तेव्हा एवढं करा: मी हवा की नको, हे आधी साक्षीदाराला विचारा. मला विचारू नका. त्या दिवशी मी नक्की कुणाला झाकलं, ते मला अजून सांगता येत नाही.