धार खातंय कोण?

कागदाच्या चाकावर पोलादाला धार लागते, हे सांगून कुणाला पटत नाही. बाइंडरबाईंना मात्र ते ऐकताक्षणी पटलं होतं. उभा जन्म त्यांनी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काढला होता आणि कोरा करकरीत कागद बोट कसं कापतो, हे त्यांच्या बोटांना चांगलं ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने बेंच ग्राइंडर आणला, मागच्या खोलीतल्या टेबलाला बोल्टने आवळला आणि त्याची दगडी चाकं काढून दोन कागदी चाकं चढवली. कागद दाबून दाबून लाकडासारखी टणक केलेली. एकाच्या कडेवर खरखरीत पूड चिकटवलेली, ते घासायचं. दुसरं गुळगुळीत, त्याला पांढऱ्या पॉलिशची वडी लावून शेवटचा हात फिरवायचा. यंत्र त्यांनी मुद्दाम पाठमोरं बसवलं होतं, म्हणजे चाक अंगावर न येता अंगापासून लांब फिरतं. नाहीतर धार कागदात रुतते आणि चाकू कुठे भिरकावला जाईल सांगता येत नाही.

दर रविवारी बाई घरातले सगळे चाकू घासून काढत. धार अशी, की पिकल्या टोमॅटोवर चाकू नुसता टेकवला तरी तो आपल्या वजनाने खाली जाई. आणि अशा बाईच्या घरात, गेले काही आठवडे, सोमवारी दुपारपर्यंत चाकू बोथट! कांद्याच्या पातीला नुसती चिमटी बसत होती, ती तुटत नव्हती. बाईंना हा आपला चारचौघांत पाणउतारा वाटला, मग चारचौघं म्हणजे एकटा नवरा का असेना.

त्यांनी आधी स्वतःला दोष दिला, मग चाकांना, मग पोलादाला, आणि शेवटी चाकं विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"वडीत खडू मिसळून विकता का हो तुम्ही?"

"बाई, माल एक नंबर आहे. तुम्ही चाकूने फरशी तर चिरत नाही ना?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं कागद कापायचे मोठाले सुरे सांभाळलेल्या बाईला हा कालचा पोरगा फरशीचं विचारतो! त्यांनी त्याला असं काही सुनावलं, की त्याने फोन ठेवण्याआधी दोनदा माफी मागितली. एवढा वेळ नवरोबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पान उलटायचं मात्र विसरले होते.

बाईंचा उजवा हात अलीकडे थरथरायचा, हे खरं. पण रिकामा असला की. मांडीवर ठेवला, खुर्चीच्या दांड्यावर टेकला, की त्याचं आपलं सुरू. कामाला लागला की शहाण्यासारखा गप्प. डॉक्टरही म्हणाले होते की या कंपवातात असंच असतं. पण आल्यागेल्याला बाई दिसायच्या त्या खुर्चीत बसलेल्या. मागच्या खोलीत कोण डोकावतंय?

पुढच्या आठवड्यात व्हायचं तेच झालं. धारदार चाकू सांगाल तिथे जातो; बोथटाला जोर लावावा लागतो, आणि जोर कुठे घसरेल याचा नेम नसतो. टोमॅटोच्या सालीवरून चाकू सटकला तो थेट डाव्या हाताच्या बोटात. नवरोबांनी पट्टी बांधली. बांधताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंना वाटलं, रक्त बघवत नाही बिचाऱ्यांना.

संध्याकाळी मुलगी आली. ती नर्स आहे. कापलेली बोटं रोज बघते. तिने पट्टी उलगडून पाहिली, पुन्हा बांधली आणि म्हणाली, "आई, आता बास. या महिनाअखेरीला ते यंत्र जाणार. माझ्या ओळखीतला एकजण न्यायला तयार आहे. भाजी मी चिरलेलीच आणून देत जाईन."

"माझा हात कामात हलत नाही."

"आई, आत्तासुद्धा हलतोय."

हलत होता. रिकामा होता ना! बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, निदान हे तरी काही बोलतील. नवरोबा खाली मान घालून पट्टीची गुंडाळी करत होते.

मुलगी गेल्यावर बाईंनी सगळे चाकू टेबलावर मांडले आणि दिवा जवळ ओढला. खऱ्या धारेकडे समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. बोथट झाली की तिच्यावर उजेड थांबतो, पांढरी रेघ दिसते. रेघ होती, आणि मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी. वापरून गेलेली धार अशी जात नाही. जिथे रोज चिरतो तिथे जास्त जाते. बाईंनी कलिंगडाचा सुरा उचलला. हंगाम संपल्यापासून त्याने काही कापलं नव्हतं, रविवारी धार तेवढी लावली होती. त्यालाही तीच रेघ! म्हणजे धार जात नव्हती. कुणीतरी ती काढत होतं. आणि घरात माणसं दोनच.

बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. रविवारी नेहमीसारखी धार लावली. सोमवारी सकाळी पिशवी घेतली, "बाजारात जाऊन येते हो," म्हणाल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि घराला वळसा घालून मागे आल्या.

मागच्या दाराच्या सिमेंटच्या पायरीशी नवरोबा उकिडवे बसले होते. शेजारी घडी घातलेल्या टॉवेलवर चाकू ओळीने मांडलेले. एकेक चाकू ते उचलत, उभा धरून पायरीवर हळूच ओढत, मग अंगठ्याने चाचपत. चेहऱ्यावर केवढी काळजी, जणू बाळाची नखं कापताहेत.

"झाले का सगळे, की सुरा राहिलाय?" बाई म्हणाल्या.

नवरोबांच्या हातातला चाकू खाली पडला.

"अगं, पोरगी मागेच म्हणाली होती... तुझा हात... मला वाटलं, बोथट असला तर लागणार तरी नाही."

"आणि हे?" बाईंनी पट्टीचं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे कशाने झालं?"

"माहीत आहे मला. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबलो असतो तर तुला संशय आला असता. आपोआप कसे नीट झाले म्हणून."

बाईंना हसू येत होतं आणि रडूही. पण दोन्हीला वाट न देता राग वर आला. "मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतंच ऐकलं! भांडले असते. घर डोक्यावर घेतलं असतं. भांडायचं सुख तरी मिळालं असतं मला! ते सोडून तुम्ही मला महिनाभर वेड्यात काढलंत. मी त्या दुकानदाराला नाही नाही ते बोलले. माझ्या हातावरचा माझाच विश्वास उडायची वेळ आली होती."

नवरोबा उठले, आत गेले आणि त्यांनी मुलीला फोन लावला. बाईंना दारातून ऐकू आलं. "आईचं बोट माझ्यामुळे कापलं. हो, माझ्यामुळे. नाही, ते यंत्र कुठे जाणार नाही. तू ये, मग सांगतो."

मग बाईंनी टॉवेलसकट चाकू उचलले आणि त्यांना मागच्या खोलीत नेलं. ग्राइंडर सुरू केला, चाकाला वेग येऊ दिला आणि पहिला चाकू टेकवला. मुठीपासून टोकापर्यंत एकच लांब ओढ. पुन्हा, मग दुसऱ्या बाजूने. पाण्याची बारीक धार पडल्यासारखा आवाज. नवरोबा चाकूकडे पाहतच नव्हते, हाताकडे पाहत होते. हात ठाम होता. इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही उभं राहून पाहिलं नव्हतं.

बाईंनी बटण बंद केलं. चाक हळूहळू थांबू लागलं.

"आज नाही हलत," नवरोबा म्हणाले. "पण एक दिवस कामातही हलेल. तेव्हा?"

"तेव्हा मीच यंत्र बंद करीन."

"आणि तुला कळलंच नाही तर?"

हा प्रश्न बाईंनी स्वतःला कधी विचारला नव्हता. त्या चाक पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिल्या. रिकामा हात टेबलावर थरथरू लागला होता. तो त्यांनी लपवला नाही.

"तर मला सांगा," त्या म्हणाल्या. "मी भांडेन, तरी सांगा. चाकूला कशाला सांगत बसलात?"

नवरोबांनी मान डोलावली. मग टॉवेलवरचा पुढचा चाकू उचलला आणि मूठ बाईंकडे करून पुढे धरला.