सोमवार आणि गुरुवार

सगुणाबाईंनी टोमॅटोचं वीस किलोचं कॅरेट मांडीपर्यंत उचललं, क्षणभर पोटाशी धरलं आणि एका दमात पिकअपमध्ये चढवलं.

"नाथाभाऊजी, आता मदतीला येऊ नका. तुम्हालाच लाज वाटंल."

"मग मी काय करू, वहिनी?" शेजारचा नाथा स्टिअरिंगमागून म्हणाला. "नुसती गाडी हाकू?"

"तेवढी तरी नीट हाका."

सगुणाबाईंची लेक मंजुषा पायरीवर बसून हसत होती. नाशिक रोडच्या जिममध्ये ती व्यायाम शिकवायची. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती मखमलाबादला यायची आणि आईला ओट्यावर बैठका काढायला, वाळूची पिशवी उचलायला लावायची. आठ आठवड्यांपूर्वी अर्धं कॅरेट उचलतानाही आईचे हात थरथरले होते.

"आता शनिवारचीपण ये," सगुणाबाई म्हणाल्या. "तीन दिवस केलं तर दोन कॅरेट उचलीन एकदम."

"तसं नसतं, आई." मंजुषा पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागली. "व्यायामानं स्नायू थकतो. वाढतो तो विश्रांतीत. दोनच दिवस बरे."

"मी रोज टोमॅटो तोडते. तवा नाय मागत तो विश्रांती."

"ते काम झालं. हे वेगळं."

"बरं बाई. तू शिकलेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाचा फोन आला. सगुणाबाई झोपेतच गेल्या होत्या.

महिन्याभरानं, एका सोमवारी, मंजुषा वाळूची पिशवी परत न्यायला आली, तर ओट्यावर नाथाची बायको अंबूबाई आणि वस्तीतली सखुबाई पदर खोचून उभ्या.

"आम्हाला शिकव," अंबूबाई म्हणाल्या. "सगुणाचं बघून हे आता मलाच म्हणत्यात, कॅरेट तूच चढव."

मंजुषाला नाही म्हणता आलं नाही. तिने मागे स्टूल ठेवून दोघींना बैठका काढायला लावल्या. तिसऱ्या बैठकीला अंबूबाईंचं स्टूल चुकलं आणि त्या थेट ओट्यावर बसल्या.

"अगं, जपून! ओटा फोडशील!" सखुबाई ओरडल्या. हसता हसता त्याही खाली बसल्या. हात द्यायला गेलेल्या मंजुषालाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी.

दम खाऊन सखुबाईंनी विचारलं, "आता गुरुवारी का? शनिवारी नाय येणार?"

"दोनच दिवस असतंय ते," अंबूबाईंनी परस्पर उत्तर दिलं. "मी सगुणाला हेच विचारायचे, पोरगी शनिवारची का येत नाय? तर मलाच झापायची. म्हणायची, स्नायूला विश्रांती लागते, तुला काय कळतंय, माझ्या मंजूनं अभ्यास केलाय त्याचा."

मंजुषा वाळूच्या पिशवीशी वाकली. गाठ घट्टच होती. तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली.

"अंबूमावशी, तीन दिवस चालतात."

"आं?"

"आठवड्याचं काम तेवढंच ठेवायचं, फक्त तीन दिवसांत वाटायचं. काही बिघडत नाही. मला तेव्हाही माहीत होतं."

अंबूबाई स्टूल ओढून त्यावर बसल्या.

"शनिवारी मी घरीच असायचे," मंजुषा म्हणाली. "मलाच यायचं नव्हतं."