बाईले चहा भेटला का?

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. मुक्काम नागपूर, गाण्यांच्या रेडिओ केंद्रातलं लोखंडी कपाट, वरून दुसरा खण. शेजारी बंद पडलेला टेबलफॅन असतो. आम्हां दोघांचीही हवा आता गेली आहे.

१९६८ साली मी आलो, तेव्हा साहेबसुद्धा मला दोन्ही हातांनी उचलत. रोज दुपारी गाण्यांची नावं माझ्यातून जाहीर व्हायची. मला एकच कुतूहल होतं : हे ऐकतं तरी कोण? माझ्यातून आवाज बाहेर जायचा. बाहेरून माझ्याकडे कधी काही आलं नाही.

निवेदिका होत्या प्रेमलताबाई. मूळच्या नरखेडकडच्या, पण माझ्यासमोर बसल्या की मराठी अशी इस्त्रीची, की शब्दाला सुरकुती नाही. सहा वर्षं हंगामी काढून त्या पुढच्या महिन्यात कायम व्हायच्या होत्या.

माझ्यासमोर एक लाल दिवा असे. तो लागला की मी चालू. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात एका दुपारी गाणं संपलं, काचेपलीकडून तंत्रज्ञ चंद्रभाननं कळ दाबली आणि मी चालू झालो. दिवा मात्र लागला नाही. बल्ब गेला होता. बाईंना वाटलं, मी झोपलोय.

“काहून गा चंद्रभान, चहा सांगितला का चहाचा मळा लावून राहिला? माहा घसा सुकला ना बाप्पा!”

सगळ्या नागपुरानं ऐकलं. चंद्रभान काचेमागून जिवाच्या आकांतानं हात हलवत होता. बाईंना वाटलं, चहा येतोय.

साहेब मनोहरराव लाल झाले. जे दिव्याला जमलं नव्हतं, ते त्यांनी केलं.

“ही काय केंद्राची भाषा झाली? आठ दिवस पत्रं पाहतो. एक जरी तक्रार आली, तर तुम्ही घरी!”

नवव्या दिवशी पोस्टाची थैली माझ्याच टेबलावर उलटी झाली. साहेब वाचू लागले. बाई भिंतीला टेकून उभ्या. पहिलं कार्ड : ‘बाईले चहा भेटला का?’ दुसरं : ‘चहाचं काय झालं जी?’ भिवापूरच्या रुखमाबाईंनी तर पुडीच धाडली होती : ‘आमच्याकडे चहा पिकत नाही, मिरची धाडून राहिली. नाकाडोळ्यातून पाणी येईन, घसाच काय सुकते!’

शेवटच्या कार्डावर ठळक अक्षरांत होतं, ‘तक्रार’. बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी घसा खाकरला.

‘बाई आपल्याच इकडच्या आहेत, हे सहा वर्षं आमच्यापासून काहून लपवलं?’

साहेबांनी ते कार्ड दोनदा वाचलं. मग काचेवर टकटक केली.

“चंद्रभान, तीन चहा सांग. अन् लवकर सांग गा, माहाही घसा सुकून राहिला!”

बाई महिन्याभरात कायम झाल्या. नवीन बल्ब मंजूर व्हायला तीन महिने लागले.

माझं कुतूहल मात्र त्याच दिवशी फिटलं. पुढे त्र्याऐंशी साली नवा, सडपातळ मायक्रोफोन आला आणि मी इथं आलो. तक्रार नाही. पण मित्रांनो, वर्षातून एकदा माझ्या जाळीवरून फडकं फिरवा, गेलेला बल्ब वेळेवर बदला, आणि जो तुमच्यासाठी बोलतो त्याला अधूनमधून चहा विचारत जा.

पलीकडे कोण ऐकतंय, हे त्यालाही तेवढ्यानंच कळतं.